बडोद्यात पिझ्झावाल्याकडे बॉटमलेस ब्रंच करायचाय? सगळे विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

रविवार जवळ आला की घरच्या ग्रुपवर, सोसायटीत, ऑफिसात हाच विषय निघतो, आणि प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहून ठेवतेय. मी दांडिया बाजारात वाढलेली, आता वासणा रोडला राहते, आणि हा प्रकार मला मनापासून आवडतो म्हणून जरा लांबलचक झालंय. कुठल्याही रेस्टॉरंटचं नाव घेत नाहीये कारण ऑफर सारख्या बदलतात, पण रीत सगळीकडे साधारण तीच असते.

हे बॉटमलेस ब्रंच म्हणजे नक्की काय असतं?

माणशी एक ठरलेली रक्कम, ठरलेला वेळ (बहुतेक दीड किंवा दोन तास), त्यात एक खाण्याचा पदार्थ, आणि ड्रिंक मात्र ग्लास रिकामा झाला की परत भरून मिळणार, कितीही वेळा. लंडन-न्यूयॉर्ककडे हे जोरात चालतं, तिथे ग्लासात प्रोसेको (इटलीची फसफसणारी वाइन) असते नाहीतर मिमोसा, म्हणजे संत्र्याचा ज्यूस आणि फसफसणारी वाइन अर्धी अर्धी. ब्रंच स्वतः त्याहून बरंच जुनं, १८९५ मध्ये गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने एका मासिकात बाजू मांडली होती की शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांना रविवारी सकाळी लवकर उठवून वर जड जेवण घालण्यापेक्षा उशिरा, हलकं, गप्पा मारत खाऊ द्या. पिझ्झावाल्यांना हे सोयीचं पडतं कारण त्यांची खरी गर्दी संध्याकाळची, ओव्हन तर सकाळपासून तापलेला, मग अकरा ते दोन टेबलं रिकामी का ठेवायची.

पण गुजरातमध्ये दारूबंदी आहे ना, मग ग्लासात काय देतात?

पुण्याचे पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच. हो, १९६० मध्ये राज्य झालं तेव्हापासून बंदी आहे, कायदा मूळचा मुंबई राज्याचा, १९४९ चा. २०२३ च्या डिसेंबरमध्ये गांधीनगरच्या गिफ्ट सिटी या आर्थिक केंद्रापुरती सूट दिली, बडोद्याला नाही. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला परमिट मिळतं ते वेगळं, त्यावर पिझ्झाच्या टेबलावर बिअर येत नाही, तेव्हा पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

आपल्याकडे ग्लासात येतं ते म्हणजे लेमन किंवा पीच आइस टी, व्हर्जिन मोहितो (लिंबू-पुदिन्याचा, दारूविना), मसाला लेमोनेड, फ्रेश लाइम सोडा, कोला-बिला. कोल्ड कॉफी आणि थिक शेक बहुतेक ठिकाणी यात धरत नाहीत. आणि मला अगदी मनापासून वाटतं की यात आपलं काही बिघडलेलं नाही, उलट फायदाच आहे, कारण परदेशात हे मित्रमैत्रिणींचं प्रकरण आहे, आपल्याकडे त्याच टेबलावर आजी बसते, सातवीतली भाची बसते, आत्या बसते, आणि दोन तासांनी स्कूटर कोण चालवणार हा प्रश्नच येत नाही.

बॉटमलेस आणि अनलिमिटेड पिझ्झा एकच ना?

नाही! सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बॉटमलेसमध्ये ड्रिंक कितीही, पिझ्झा मात्र माणशी एकच, तो तुम्ही मेन्यूतून निवडता आणि तो तुमच्यासाठी बनून येतो. अनलिमिटेड पिझ्झा हा गुजरातचा लाडका प्रकार, त्यात सूप, सॅलड बार, गार्लिक ब्रेड, मग वेटर ट्रे घेऊन टेबलाटेबलावर फिरतो आणि विचारतो "बीजी स्लाइस आपुं?" (अजून एक स्लाइस देऊ?), शेवटी आइस्क्रीम. काही ठिकाणी दोन्हीची सरमिसळ करून वर बॉटमलेस ब्रंच असा बोर्ड लावलेला असतो. म्हणून आत शिरायच्या आधी सरळ विचारा, भाई, यात कितीही काय आहे आणि एकदाच काय आहे. दोन्ही प्रकार चांगले आहेत, पण मला विचाराल तर ब्रंचला पहिला प्रकार जास्त शोभतो, आपला पिझ्झा आपल्यासमोर असतो आणि ट्रे येतोय का म्हणून मान वळवत बसावं लागत नाही.

किती खर्च येतो? बिलात नंतर काय काय वाढतं?

बोर्डावर माणशी ५९९ लिहिलंय असं धरू. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, म्हणजे एकाचे ६२८.९५ झाले, चौघांचे २५१५.८०. रेस्टॉरंट महागड्या हॉटेलच्या आत असेल, जिथे खोलीचं भाडं साडेसात हजाराच्या वर जातं, तर जीएसटी १८ टक्के लागतो, तेव्हा तेही बघून घ्या.

सर्व्हिस चार्ज वेगळा. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्पष्ट सांगितलंय की तो आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा, काढतात. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पण ज्या मुलाने दोन तास तुमचे ग्लास भरले त्याच्या हातात काहीतरी ठेवा, मी तर निघताना त्याला शोधून हातातच देते, बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवलेले पैसे त्याच्यापर्यंत पोचतीलच असं नाही.

एक अट जवळजवळ सगळीकडे असते, टेबलावरच्या सगळ्यांनी ऑफर घ्यायची. दोघांनी घेतली आणि चौघांनी प्यायलं असं चालत नाही, आणि ते बरोबरच आहे.

सकाळी काही खाऊन जायचं की उपाशी?

रविवारी सकाळी बडोद्यात सेव उसळ न खाता राहणं कठीण आहे हे मला माहितेय. पण नऊ वाजता तर्री, पाव, वर मूठभर सेव असं सगळं झालं असेल तर साडेअकराला पिझ्झा समोर आल्यावर तो नुसता बघावा लागतो. फाफडा-जलेबीचंही तेच. उलट काहीजण शनिवारी रात्रीपासून काही खात नाहीत, पोटात जागा ठेवतात म्हणे, आणि मग रिकाम्या पोटी गार सोडा आणि खारट चीज गेलं की पहिल्या अर्ध्या तासातच मळमळतं. चहा आणि दोन खारी, किंवा छोटी वाटी पोहे, बास.

पैसे वसूल कसे करायचे?

सगळे हेच विचारतात, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

आधी टेबलावर काय कुठल्या क्रमाने येतं ते बघा. पहिल्यांदा गार्लिक ब्रेड किंवा फ्राइज, आणि त्याच्याबरोबर भरलेला ग्लास. मैदा आणि बटाटा स्वस्त पडतो आणि पोट पटकन भरतो. गार्लिक ब्रेडवर बटर, मीठ, चीज, ते खाल्लं की तहान लागते, तहान लागली की आइस टी नाहीतर कोला, सोडा असेल तर गॅस, आणि पिझ्झा येईपर्यंत निम्मे लोक मागे टेकून बसलेले असतात. हे कोणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही, जेवणाचा क्रमच तसा आहे, पण आपल्याला माहीत असलं तर आपण आपल्या तब्येतीने खाऊ शकतो. गार्लिक ब्रेडची एक प्लेट चौघांत पुरते. पहिला ग्लास पाण्याचा मागा, दुसरा लाइम सोडा, आणि गोड काय ते पिझ्झाबरोबर.

पोट भरल्याचं आपल्याला साधारण वीसेक मिनिटं उशिरा कळतं, त्यामुळे पहिल्या वीस मिनिटांत जो भराभर खातो त्याचं ब्रंच तिथेच संपतं, मग उरलेला दीड तास तो फोन बघत बसतो. आमच्याकडे थाळीला गेल्यावर जसं ताटावर हात आडवा धरायचा की वाढणारा पुढे जातो, तसं इथेही ग्लासवर हात ठेवायला शिकायचं, "धीमे धीमे लावजो" (हळूहळू आणा) म्हटलं की तो मुलगा समजतो.

आणि वसुलीचा हिशोब ग्लासांत केला तर तो कधीच जुळत नाही, सहावा मोहितो पिऊन कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. तुम्ही पैसे दोन तासांच्या टेबलाचे देताय असं धरा. एसीत, खिडकीजवळ, कोणी "और कुछ?" म्हणून उभं राहत नाहीये, भांडी घासायची नाहीयेत, आईला ओट्यापाशी उभं राहायचं नाहीये. रविवारी आमच्या घरात आई जेवायला शेवटी बसते, आणि ब्रंचला ती पहिल्यापासून बसलेली असते, तिचा ग्लास दुसरं कोणीतरी भरतं, तिने तिच्या मैत्रिणीची अख्खी गोष्ट मध्ये न उठता सांगितली. वसूल झाले की नाही ते मी यावरून ठरवते.

किती वाजता जायचं?

उघडल्या उघडल्या, म्हणजे अकरा-सव्वाअकरा. ओव्हन ताजा, वेटर ताजे, आवाज कमी. साडेबाराला अलकापुरी, सयाजीगंज, फतेगंज सगळीकडे गर्दी होते, युनिव्हर्सिटीची मुलं दहा-दहा जण येतात आणि मग ग्लास भरायला वेळ लागतो. मे महिन्यात अजून एक गोष्ट, दुपारी एक वाजता बाहेर पडलात तर ४२ डिग्रीत पार्किंगमधल्या तापलेल्या सीटवर बसावं लागतं, म्हणून बुकिंग उशिराचं घेऊन ऊन उतरेपर्यंत आत बसता येत असेल तर उन्हाळ्यात ते बरं.

नवरात्रात रात्रभर गरबा झाल्यावर रविवारी सगळं बडोदा याच वेळेला उठतं, तेव्हा आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका. १४-१५ जानेवारीला तर बेत करूच नका, उत्तरायणला सगळे गच्चीवर असतात आणि तुम्हीही असायला हवं, उंधियो आणि चिक्की सोडून पिझ्झा कोण खातंय.

इतकं गोड पिऊन त्रास नाही का होणार?

होऊ शकतो, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. १०० मिली कोल्यात साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. ग्लास ३०० मिलीचा, त्यात एक तृतीयांश बर्फ धरला तरी २०० मिली कोला राहतो, म्हणजे एकवीस ग्रॅम, पाच चमच्यांच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने दिवसाला वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवायची. म्हणजे अडीच ग्लासात दिवसाचा कोटा संपला, आइस्क्रीम अजून यायचंय. सिरपवाले मोहितो आणि पीच आइस टी हेही हलके नसतात, नाव चहाचं असलं तरी.

उपाय सोपा आहे, ऑर्डर देतानाच "सिरप अर्धं" म्हणून सांगायचं, करून देतात. फ्रेश लाइम सोडा मीठवाला मागा, नाहीतर लिंबू-पुदिना घालून नुसता सोडा. डायबेटिस असलेल्या काका-काकूंसाठी हाच बरा, आणि गोळी किंवा इन्सुलिनची वेळ ब्रंचमुळे पुढे-मागे होणार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, त्यात अंदाज चालवू नका.

आजी-आजोबांना नेलं तर आवडेल का? आणि मुलांना?

आजीला न्याच. फक्त थिन क्रस्ट मागवू नका, त्याची कड गार झाली की पापडासारखी कडक होते आणि कवळी असली की चावत नाही. पॅन पिझ्झा मऊ असतो, तो बारीक कापून द्यायला सांगा, वर ओरेगानो चालतो पण चिली फ्लेक्स नको. आमच्या आजीला बेसिल वगैरे काही माहीत नाही, तिने वरचं पान हातात घेऊन चुरडलं, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर आपल्या सब्ज्याचं," आणि खरंच की, सब्जा आणि स्वीट बेसिल एकाच जातीतले. त्यानंतर तिने तो पिझ्झा आपला मानून खाल्ला.

ती कमी खाते म्हणून तिचे अर्धे पैसे लावा असं काही ठिकाणी ऐकतात, काही ठिकाणी नाही, बुकिंगच्या वेळी विचारलं तर ऐकण्याची शक्यता जास्त. मुलांचं कुठे वयावर असतं, कुठे उंचीवर, भिंतीला रेघ मारलेली असते तिथे उभं करून बघतात. मुलांना गोड ड्रिंक एक, मग पाणी, हे घरून निघतानाच ठरवून जा, टेबलावर ठरवायला गेलात की रडारड.

जैन मित्र बरोबर आहे, माझा उपवास आहे, आणि चीज खरंच व्हेज असतं का?

जैन पिझ्झा बडोद्यात कुठेही मिळतो, वेगळं समजावून सांगावं लागत नाही, कांदा-लसूण-बटाटा नको एवढं म्हटलं की झालं, पण सॉस आधीच लसूण घालून शिजवलेला असतो तेव्हा "सॉस पण जैन ना?" हे एकदा विचाराच. गार्लिक ब्रेडऐवजी त्याला काय मिळणार तेही.

संकष्टी-एकादशी असेल तर ब्रंच पुढच्या रविवारी करा. फराळी पिझ्झा काही ठिकाणी मिळतो पण तो या ऑफरमध्ये नसतो, आणि टेबलावर बाकीचे खातायत आणि एकजण लिंबू सोड्यावर, हे कोणालाच बरं वाटत नाही.

चीजचं म्हणाल तर दूध फाडायला रेनेट लागतं, ते पूर्वापार वासराच्या पोटातून काढायचे, पण आपल्याकडचे मोठे ब्रँड मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. अस्सल इटालियन पार्मेजान मात्र अजूनही वासराच्याच रेनेटचं असतं, म्हणून एखाद्या महागड्या ठिकाणी वरून किसून घालत असतील तर विचारून घ्या. स्वस्त ऑफरमध्ये चीजच्या जागी वनस्पती तेलाचं अ‍ॅनालॉग वापरलेलं असू शकतं, आणि अमूलचं आणंद इथून चाळीसेक किलोमीटरवर असताना बडोद्याच्या माणसाने तेलाचं चीज का खावं, हे मला पटत नाही. विचारायला लाजू नका, चांगलं वापरणारा अभिमानाने सांगतो. नॉनव्हेज हवं असेल तर फतेगंजच्या बाजूला बघा, बाकी बरीचशी अनलिमिटेडवाली दुकानं शुद्ध शाकाहारी.

पिझ्झा कुठला मागवू?

ब्रंचला साधा. मार्गरिटा, किंवा दोन भाज्यांचा. नेपल्सच्या पद्धतीत पिझ्झा साडेचारशे डिग्रीच्या आसपास लाकडाच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंदात होतो, २०१७ मध्ये युनेस्कोने तिथल्या पिझ्झा करण्याच्या कलेची नोंद घेतली. आपल्या साध्या पिझ्झावाल्याकडे गॅसचा किंवा पट्ट्यावरून सरकणारा ओव्हन असतो, त्याला काही मिनिटं लागतात, आणि वर मका, पनीर, सिमला मिरची, ऑलिव्ह असा ढीग घातला की भाज्यांचं पाणी सुटून मधला भाग ओला राहतो. टॉपिंग कमी, तर बेस खरपूस.

आणि चौघांचे चार पिझ्झा एकदम मागवू नका! दोन आधी, दोन तासाभराने. गरम असताना चीजची तार निघते, दहा मिनिटांनी तेच चीज पांढरट होऊन स्लाइसवरून अख्खं उचलून येतं, आणि मग सगळ्यांच्या प्लेटच्या कडेला अर्धवट खाल्लेल्या कडांची रांग लागते. दोन-दोन करून मागवले की प्रत्येक स्लाइस गरम मिळते, आणि चार वेगवेगळे चाखायलाही होतात.

दोन तास कधीपासून मोजतात?

हे आधी विचारा, अगदी आठवणीने. एका ठिकाणी आमचं बुकिंग साडेअकराचं होतं, टेबल मिळालं पावणेबाराला, पहिला ग्लास आला बाराला, आणि दीड वाजता सांगितलं की वेळ संपली. मॅनेजरला बोलावून शांतपणे घड्याळ दाखवलं तेव्हा अर्धा तास दिला, पण मूड गेला तो गेलाच. पहिलं ड्रिंक टेबलावर आलं तिथपासून मोजणं हेच योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. शेवटची ऑर्डर बहुतेक पंधरा मिनिटं आधी घेतात, आणि आधीचा ग्लास संपल्याशिवाय दुसरा देत नाहीत, म्हणजे शेवटी चार ग्लास भरून ठेवता येणार नाहीत.

उरलेलं पार्सल मिळतं का?

तुमचा म्हणून बनवलेला पिझ्झा उरला तर बांधून देतात. अनलिमिटेडमधलं देत नाहीत, आणि प्लेटमध्ये टाकलेल्याचे जास्तीचे पैसे लावायची पाटीही काही ठिकाणी असते. घरी आणलेली स्लाइस मायक्रोवेव्हमध्ये चिवट होते, तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून तीन-चार मिनिटं ठेवा, खालून कुरकुरीत होते, चीजही परत वितळतं.

एकट्याने गेलं तर चालतं का?

चालतं, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी, ती ऑफर असली तर. रविवारी एकट्याला टेबल द्यायला कुरकुरतात.

बुकिंग करताना फोनवर काय काय विचारू?

कितीही काय आणि एकदाच काय. वेळ कुठून मोजणार. सगळ्यांनी घ्यायलाच हवं का, लहान मुलं आणि आजी धरून. किंमत जीएसटीसकट की वेगळा. जैन सॉस आहे का. केक आणायचा असेल तर बाहेरचा चालतो का, कारण वाढदिवसाला सगळे तेच करतात आणि काही ठिकाणी केक कापायचेही पैसे घेतात. आणि खिडकीजवळचं टेबल मागून ठेवा, फोनवर मागितलं तर नावासमोर लिहून ठेवतात, तिथे गेल्यावर मागितलं तर ते कोणीतरी आधीच घेतलेलं असतं.